वाचकांचे प्रश्न : वायुदल की विमानकंपनी?

ग्वाल्हेरहून आलेल्या तीन पत्रांचा विषय एकच आहे, म्हणून ती या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्याने वीस वर्षे वायुदलात आणि त्यानंतर प्रवासी विमानांवर काम केले आहे. त्यामुळे काही मते केवळ अनुभवाची आहेत. ती तशीच वाचावीत.

प्रश्न : आम्ही दीनदयाळनगरात राहतो. महाराजपुऱ्याच्या तळावरून उठणाऱ्या मिराज विमानांच्या आवाजात आमचा मुलगा लहानाचा मोठा झाला. आता तो अकरावीत आहे, गणित आणि भौतिकशास्त्र घेतले आहे, आणि वैमानिकच व्हायचे असे त्याने ठरवले आहे. माझे थोरले बंधू म्हणतात की वायुदलात जिवाची जोखीम आहे, तर कंपनीत पैसा आणि आराम. मुलगा म्हणतो की प्रवासी विमान चालवणे म्हणजे बस चालवणे. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वडील, ग्वाल्हेर

उत्तर : दोघेही विमान बाहेरून पाहून बोलत आहेत, म्हणून दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. आपण ज्या भागात राहता तिथे हा गोंधळ होणे साहजिकच म्हणावे लागेल, कारण एकाच तळावरून मिराजही उठते आणि प्रवासी विमानही उठते, आणि गच्चीवरून पाहणाऱ्याला फरक दिसतो तो फक्त आवाजाचा व वेगाचा. खरा फरक विमान उतरल्यानंतरच्या आयुष्यात आहे. तो पुढे सांगतो, पण मुलाला ज्याची ओढ आहे त्या लढाऊ विमानापासून सुरुवात करू.

मिराज २००० हे विमान १९८५ पासून ग्वाल्हेरला आहे. जोरदार वळण घेताना त्यातील वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या ९ पटींपर्यंत भार येऊ शकतो. आकड्यावरून त्याची कल्पना येत नाही, म्हणून असे पाहा : डोके आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरले तर त्या क्षणी मानेवर साठ किलोंच्या आसपास ओझे येते, आणि ते पेलत वैमानिकाने मागे वळून दुसरे विमान कुठे आहे ते शोधायचे असते. रक्त पायांकडे उतरू लागते, आधी रंग फिके होतात, मग नजरेच्या कडा काळवंडतात आणि दुर्लक्ष झाले तर शुद्ध हरपते. ते होऊ नये म्हणून अंगात जी-सूट असतो, पण एकटा सूट पुरत नाही. उरलेले काम पाय आणि पोटाचे स्नायू आवळून, श्वास रोखून, दर तीन सेकंदांनी तो झटक्यात बदलत वैमानिकालाच करावे लागते. चाळिशीनंतर मान आणि कंबर दुखत नाही असा लढाऊ वैमानिक मला क्वचितच भेटला आहे.

एवढे करून एक सॉर्टी, म्हणजे एक उड्डाणफेरी, असते तासाभराची. तिच्या आधी तासभर ब्रीफिंग आणि नंतर कधी कधी दोन-दोन तास डीब्रीफिंग चालते. त्यात फळ्यावर रेघा ओढून, ध्वनिमुद्रण ऐकून आणि पडद्यावरचे चित्रण थांबवून कोणी कुठे चूक केली ते सगळ्यांसमोर सांगितले जाते. तिथे हुद्दा पाहत नाहीत. विंग कमांडरची चूक फ्लाइट लेफ्टनंट दाखवतो आणि विंग कमांडर ती लिहून घेतो. ज्या मुलाला चारचौघांत चूक दाखवलेली सहन होत नाही, त्याची शरीरयष्टी कितीही चांगली असली तरी त्याला तिथे जड जाईल. परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना हे विशेष जड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही आपल्या बंधूंना जी जोखीम दिसते ती वायुदलाची सर्वांत मोठी मागणी नाही. अपघात होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२३ मध्ये ग्वाल्हेरहून उठलेली सुखोई आणि मिराज ही दोन विमाने मुरैनाजवळ कोसळली आणि मिराजचे वैमानिक गेले, हे आपल्या परिसरात सर्वांना आठवत असेल. परंतु वायुदल माणसाकडून रोज जे मागते ते वेगळे आहे. ते म्हणजे स्वतःच्या मर्जीवरचा हक्क. कोणते विमान मिळेल, कुठे बदली होईल, मुलांची शाळा कितव्यांदा बदलेल, सणाला घरी असू की नाही, यांपैकी एकही गोष्ट अधिकाऱ्याच्या हातात नसते. फेब्रुवारी २०१९ च्या ज्या रात्री बालाकोटसाठी ग्वाल्हेरहून मिराज उठली, त्या रात्री शहर नेहमीसारखे झोपले होते. अशा कामावर निघणारा माणूस घरात बायकोलाही काही सांगू शकत नाही.

शिवाय 'वायुदलात जाणे म्हणजे मिराज उडवणे' हे समीकरणच कच्चे आहे. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षे काढल्यावर हैदराबादजवळच्या डुंडिगल येथील अकादमीत प्रशिक्षण होते. तिथे पिलाटस विमानावर पहिले धडे मिळतात. त्यातील गुणवत्ता आणि वायुदलाची त्या वेळची गरज पाहून लढाऊ विमान, मालवाहू विमान की हेलिकॉप्टर हे वरूनच ठरते. काहींना उड्डाणच सोडून जमिनीवरच्या शाखेत जावे लागते. शिवाय वैमानिक असला तरी तो आधी अधिकारी असतो, त्यामुळे सकाळी उड्डाण करून दुपारी तोच माणूस हवाईसैनिकांच्या रजेचे अर्ज, मेसचे हिशेब आणि एखाद्या चौकशीचे कागद घेऊन बसलेला दिसतो. हुद्दा वाढतो तसे टेबल मोठे होते आणि उड्डाण कमी होते. वायुदल अधिकारी घडवते आणि त्यातल्या काहींना उडवते. विमानकंपनी फक्त उडवते, आणि ६५ व्या वर्षापर्यंत उडवते. ज्याला आयुष्यभर कॉकपिटमध्येच बसायचे आहे त्याने हा फरक शांतपणे विचारात घ्यावा.

आता बसचालकाबद्दल. आपल्या मुलाला सांगा की बस रस्त्याच्या कडेला थांबवता येते. तिथपर्यंत ठीक आहे, पण त्याच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती म्हणजे तोचतोचपणा. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला कायद्याने वर्षाला १००० तासांपर्यंत उड्डाण करता येते, तर लढाऊ वैमानिकाचे वर्षाचे तास साधारण दीडशे ते दोनशेच्या घरात असतात. या हजार तासांतील बहुतेक तासांत काहीही घडत नाही, आणि काहीही घडू न देणे हेच ते काम. पहाटे सव्वातीनला दाराशी गाडी येते. सहा वाजेपर्यंत पहिले उड्डाण झालेले असते, दुपारपर्यंत चार वेळा चढणे-उतरणे होते, आणि चौथ्या उतरणीच्या वेळी तीच चेकलिस्ट, त्याच क्रमाने, तितक्याच सावधपणे वाचायची असते. पाठ असली तरी वाचायचीच. पहाटे दोन ते सहा या वेळेत मेंदू सर्वांत मंद असतो, ही शरीराची रचना आहे. तिच्याशी झगडत दिल्लीच्या धुक्यात विमान उतरवणे म्हणजे आराम, असे ज्याला वाटते त्याने एकदा दुपारी दोन वाजता हॉटेलच्या खोलीत जाड पडदे ओढून झोपण्याचा प्रयत्न करून पाहावा. बाहेर व्हॅक्यूम क्लीनर चालू असतो आणि शेजारच्या खोलीत लग्नाचे वऱ्हाड उतरलेले असते.

झोपेच्या या प्रश्नाचे गांभीर्य उशिरा का होईना, नियमांत उतरले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या उड्डाणांवर बंधने आणली. यापलीकडेही वैमानिकावर सतत नजर असते. उड्डाणापूर्वी श्वासाची तपासणी होते, आणि मद्याचा अंश आढळला तर पहिल्याच वेळी परवाना तीन महिने निलंबित होतो. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या नकली कॉकपिटमध्ये, परीक्षा होते, जिथे धावपट्टी सोडण्याच्या नेमक्या क्षणी एक इंजिन बंद पाडले जाते. प्रत्येक उड्डाणाची नोंद यंत्रात राहते, त्यामुळे विमान थोडे लांब टेकले तरी दोन दिवसांनी त्याची विचारणा होऊ शकते. लढाऊ वैमानिकाची चूक फळ्यावर येते, तर प्रवासी विमानाच्या वैमानिकाची चूक आलेखावर. दोन्हीकडे ती लपत नाही.

पैशांविषयी बंधूंचे म्हणणे पुढे-मागे खरे ठरेलही, पण सुरुवातीला चित्र उलट असते. वायुदलाच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते, आणि अकादमीतील उड्डाण प्रशिक्षणाच्या काळात कॅडेटला दरमहा ५६,१०० रुपये मानधनही मिळते. मात्र मुलाने स्वतःहून प्रशिक्षण सोडले तर खर्च पालकांकडून वसूल होऊ शकतो, तसे बंधपत्र घेतलेले असते; ते वाचून सही करा. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च घरचा. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता; तिचा खर्चही बहुधा घरचाच. सगळे मिळून घर गहाण ठेवण्याजोगी रक्कम होते, आणि ती भरली म्हणजे नोकरी मिळाली असे मुळीच नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्या त्या वेळी हातात परवाना आणि डोक्यावर कर्ज घेऊन बसलेली तरुण मुले मी पाहिली आहेत. जिवाची जोखीम वायुदलात अधिक, घराची जोखीम इकडे अधिक. बंधूंनी दुसरी मोजलेली दिसत नाही.

निर्णयासाठी मी आपल्याला एकच व्यावहारिक गोष्ट सांगेन. कोणता दरवाजा आधी बंद होतो ते पाहा. एनडीएची परीक्षा अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस भरत असेल तरच देता येते. ती हुकली तर पदवीनंतर सीडीएस आणि एएफकॅट या प्रवेशपरीक्षा आहेत, त्यांची उड्डाण शाखेसाठी मर्यादा २४ वर्षे. व्यावसायिक परवाना असेल तर २६. नागरी परवान्याला अशी घाई नाही. म्हणून मुलाचा कल खरोखरच दोन्हीकडे असेल तर आधी एनडीए द्यावी. एक सावधगिरी मात्र हवी : निवड मंडळात वैमानिकपणाची जी यांत्रिक कल चाचणी होते, ती आयुष्यात एकदाच देता येते. 'बघू तरी काय असते' म्हणून ती द्यायची नसते.

आणि मुलाला एक प्रश्न विचारा, पण उत्तर लगेच मागू नका. वायुदलाने त्याला मिराजऐवजी मालवाहू विमान दिले, किंवा हेलिकॉप्टर देऊन ईशान्येला पाठवले, तर त्याला चालेल का? 'चालेल' म्हणण्यापूर्वी तो जितका वेळ घेईल, तेवढ्यावरून आपल्याला बरेच कळेल.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, आम्ही शहराच्या लष्कर भागात दौलतगंजला राहतो. तिला वायुदलात वैमानिक व्हायचे आहे, पण दीड नंबरचा चष्मा आहे, दूरचे दिसत नाही. शस्त्रक्रिया करून चष्मा घालवावा का? आणि मुलींना खरोखर समान संधी असते का?
— एक आई, ग्वाल्हेर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. लढाऊ विमानांवर महिला २०१६ पासून आहेत, आणि त्या पहिल्या तिघींपैकी अवनी चतुर्वेदी आपल्याच मध्य प्रदेशातील. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. नऊ पट भाराला स्त्री-पुरुष कळत नाही आणि डीब्रीफिंगच्या फळ्यालाही नाही.

चष्म्याबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. एनडीएतून उड्डाण शाखेत जाण्यासाठी दूरचे न दिसण्याचा दोष चालत नाही, आणि दीड नंबर म्हणजे ती वाट बंद समजा. शस्त्रक्रियेची घाई करू नका. वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधी केलेली अशी शस्त्रक्रिया वायुदल ग्राह्य धरत नाही, म्हणजे आज केली तर पुढची संधीही जाईल. शहरात जागोजागी 'चष्म्यापासून मुक्ती' असे फलक लावलेले आहेत, पण त्या फलकांना हे ठाऊक नसते. नंबर शिवाय वाढत्या वयात बदलतो.

नागरी उड्डाणात तसे नाही. चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात येत असेल तर परवाना मिळतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना चष्मा होता, आणि आता मलाही आहे. फक्त रंगांधळेपणा नको. एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून आधी प्राथमिक म्हणजे क्लास टू आणि मग व्यावसायिक वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. काही संस्था प्रवेश आधी आणि तपासणी नंतर असा क्रम सुचवतात. तो त्यांच्या सोयीचा असतो. प्रशिक्षणासाठी फार लांबही जावे लागणार नाही : इंदूरला फ्लाइंग क्लब आहे, सागरजवळ ढान्याला प्रशिक्षण केंद्र आहे, महाराष्ट्रात गोंदियाला आहे, आणि उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेने होतो.

वायुदलाच्या मापांत डोळ्यांखेरीज उंची आणि पायाची लांबीही येते. उड्डाण शाखेला किमान १६२.५ सेंटिमीटर उंची लागते, आणि कॉकपिटमध्ये गुडघे व पेडल यांचा मेळ बसावा म्हणून पाय ९९ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान असावे लागतात. ज्या घरांत कोणी या मार्गाला लागणार असेल त्यांनी घरीच टेप घेऊन मोजावे. वर्षभराच्या शिकवणीपेक्षा ती पाच मिनिटे स्वस्त पडतात.

प्रश्न : माझे यजमान वायुदलात विंग कमांडर आहेत. आतापर्यंत आठ ठिकाणी बिऱ्हाड हलवले. वीस वर्षे पूर्ण होत आली असून ते निवृत्ती घेऊन विमानकंपनीत जाण्याचा विचार करत आहेत. आता तरी निवांत आयुष्य मिळेल का?
— वायुदल वसाहतीतील एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : वहिनी, बिऱ्हाड हलवणे थांबेल. वीस वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्कही मिळतो, म्हणजे कर्ज काढून आलेल्या पंचविशीच्या मुलापेक्षा यजमान पुष्कळ सुरक्षित पायावर उभे असतील. 'निवांत' हा शब्द मात्र मी जपून वापरेन.

पहिली गोष्ट म्हणजे ते पुन्हा विद्यार्थी होतील. हवाई नियम, हवामान, नॅव्हिगेशन यांच्या परीक्षांचा व्याप बेचाळिसाव्या वर्षी नव्याने अंगावर येतो, आणि ज्याने वीस वर्षे दुसऱ्यांची परीक्षा घेतली त्याला तो बोचतो. लढाऊ वैमानिकांना आणखी एक अडचण येते. त्यांच्या वीस वर्षांच्या नोंदवहीतील एकूण तास मालवाहू विमानाच्या वैमानिकापेक्षा बरेच कमी भरतात आणि तेही अनेकदा एका इंजिनाच्या, एका आसनाच्या विमानावरचे असतात. प्रवासी विमानाच्या कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी १५०० तास हवे असतात, आणि ते तास कशावरचे हेही पाहिले जाते. त्यामुळे सुरुवात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, उजव्या खुर्चीवर, कदाचित एकतीस वर्षांच्या कॅप्टनशेजारी. ज्येष्ठता कंपनीत रुजू झालेल्या तारखेपासून मोजतात. खांद्यावरच्या जुन्या पट्ट्यांचा तिथे उल्लेखही होत नाही, आणि तो होऊ नये असेच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट हातांच्या सवयीची आहे, आणि ती मला सर्वांत जड गेली. एअरबस ए-३२० च्या सिम्युलेटरमध्ये माझ्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, चाकांनी धावपट्टी सोडताच इंजिनला आग लागल्याची सूचना वाजली. लढाऊ विमानात अशा वेळी दोन-तीन सेकंद म्हणजे फार झाले. माझा हात विचार येण्याआधीच वरच्या बटणाकडे गेला. प्रशिक्षकाने सिम्युलेटर जागच्या जागी गोठवला. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता. "सर, हात मांडीवर ठेवा," तो म्हणाला. विमान चारशे फुटांवर जाईपर्यंत ते सरळ चढवत राहणे, चाके वर घेणे आणि घंटा बंद करणे, यापलीकडे काहीही करायचे नसते. त्यानंतर एकाने म्हणायचे, दुसऱ्याने बटण दाखवायचे, पहिल्याने होकार द्यायचा, आणि मग दाबायचे. घाईत चांगले इंजिन बंद करणारे वैमानिक होऊन गेले आहेत, म्हणून ही सगळी शिस्त. वीस वर्षे एकट्याने चटकन निर्णय घेण्याबद्दल शाबासकी मिळालेल्या माणसाला, शेजाऱ्याने 'हो' म्हणेपर्यंत थांबायला शिकणे किती अवघड असते, हे यजमान घरी येऊन बोलून दाखवणार नाहीत. चिडचिड दिसली तर कारण हे असू शकते, एवढे लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट आपल्याविषयी आहे. वसाहतीत यजमान बाहेरगावी असताना गॅस संपला किंवा मुलाला ताप आला तर शेजारचे दार वाजवता येते, आणि ते उघडते. कंपनीच्या नोकरीत आपण एखाद्या महानगरातल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर असाल आणि शेजाऱ्याला यजमानांचा हुद्दा काय, नावही ठाऊक नसेल. महिन्याचे रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, येईल, ते बदलेल आणि पुन्हा बदलेल. गणपतीला सुटी मिळेल याची खात्री तिथेही नाही. फरक इतकाच की वायुदलात ती का नाही हे सांगितले जात नसे, इथे ती कोणाला दिली गेली हे यादीत दिसते. वायुदलातून बाहेर पडणे कठीण म्हणून लोक कुरकुर करतात, पण कॅप्टनलाही नोकरी सोडायची तर वर्षभर आधी सूचना द्यावी लागते.

तरीही मी स्वतः हा बदल केला आणि पुन्हा तोच करेन. चाळिशीनंतर वायुदलात माझ्या वाट्याला फायली आल्या असत्या, आणि मला उडायचे होते. यजमानांचे कारण हेच असेल तर त्यांना अडवू नका. केवळ बदल्यांचा कंटाळा किंवा शेजारच्या घरातल्या कोणाचा पगार हे कारण असेल, तर दोघांनी पुन्हा बसून बोला.

आणि निवृत्तीचा अर्ज करण्यापूर्वी त्यांना नागरी क्लास वन तपासणी करून घ्यायला सांगा. त्यांना कधी विमानातून इजेक्ट व्हावे, म्हणजे आसनासकट बाहेर पडावे लागले असेल, किंवा मानेचे आणि पाठीचे जुने दुखणे असेल, तर मणक्याची जुनी क्ष-किरण छायाचित्रे सोबत न्यावीत. वायुदलात वैद्यकीय श्रेणी घसरली तर माणसाला दुसरे काम देतात आणि पगार चालू राहतो. कंपनीत परवाना आणि पगार या दोन्ही गोष्टी त्या एका कागदावर टांगलेल्या असतात, आणि तो कागद दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो.